वाचकांचे प्रश्न : माळरानावर जाण्याआधी

मागच्या अंकात गवताळ प्रदेशांची ओळख करून दिल्यावर बरीच पत्रं आली. वाघाच्या जंगलाची सहल कशी आखायची हे आता सगळ्यांना माहीत असतं, माळाची सहल मात्र अंदाजाने आखली जाते आणि फसते. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पुण्याचे. दोन मुलं (वय ७ आणि ११), आई सत्तरीच्या. डिसेंबरात एका दिवसात जाऊन येता येईल असं माळरान सुचवा. आधी एकदा सुप्याला गेलो होतो, दुपारी बाराला पोचलो, काहीच दिसलं नाही.
— वाचक, कोथरूड

जागा बरोबर होती, वेळ चुकली. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य (ता. बारामती) फक्त ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे, पण चिंकारा पाहण्यासाठी पुण्याहून इतकी सोयीची दुसरी जागा नाही. दुपारी बाराला चिंकारा हिवराच्या किंवा बोरीच्या विरळ सावलीत रवंथ करत बसलेला असतो. त्याचा रंग वाळल्या गवताचाच. बसलेला चिंकारा पन्नास पावलांवरूनही दिसत नाही. तो उठून चरतो सकाळी आणि ऊन उतरल्यावर.

पुणे-सोलापूर रस्त्याने चौफुल्याला या, तिथून मोरगावच्या रस्त्याला वळा. वाटेत सुपे लागतं. हडपसरपासून दोन तास धरा. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणून घर पावणेपाचला सोडलं तर गेटवर वेळेत पोचाल. प्रवेशाची वेळ, शुल्क आणि गाडी आत नेण्याचे नियम आदल्या दिवशी वन विभागाकडून विचारून घ्या, ते बदलत असतात. आत साडेनऊपर्यंत थांबा. मग बाहेर येऊन न्याहारी, आणि आईंना मोरगावच्या मयूरेश्वराचं दर्शन. अभयारण्याचं नाव त्याच गणपतीवरून आलं आहे.

सोबत माणशी दोन लिटर पाणी, कानटोपी आणि एक घोंगडी किंवा जाड शाल असू द्या. माळावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, पहाटेचा गारठा शहरातल्यापेक्षा जास्त बोचतो आणि दहा वाजता तेच अंग घामाने भिजतं. म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. आत स्वच्छतागृह मिळेल हे गृहीत धरू नका, आईंसाठी वाटेत महामार्गावरच थांबून घ्या.

दोन दिवस मिळाले तर इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीची किंवा बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळची गवताळ सफारी घ्या. ती पुणे वन विभागाची आहे. आरक्षण ऑनलाइन होतं आणि सोबत गावातला प्रशिक्षित मार्गदर्शक असतो. मुक्काम भिगवणला करा. एक सकाळ माळावर, दुसरी उजनीच्या फुगवट्यावर पाणपक्ष्यांसाठी. एकाच सकाळी दोन्ही उरकायचा बेत करू नका. दोन्हीकडची खरी वेळ तीच पहिली दोन तासांची असते.

प्रश्न : मुलांना गाडीत तीन तास बसवायचं कसं? प्राणी दिसला नाही तर कंटाळतात.
— शिक्षिका, सातारा

मुलांना प्राणी शोधायला लावू नका, खुणा शोधायला लावा. पायवाट आणि गाडीवाट हे माळावरचं वर्तमानपत्र असतं.

लांडग्याची विष्ठा बहुतेक वेळा वाटेच्या मधोमध किंवा दोन वाटा मिळतात तिथे सापडते, कारण ती हद्दीची खूण असते. जुनी झाली की तिच्यात केसांचा गुंता स्पष्ट दिसतो. तरसाची वाळलेली विष्ठा चुन्यासारखी पांढरी असते, त्याने फोडून खाल्लेल्या हाडांचं ते कॅल्शियम. खोकडाची विष्ठा जानेवारीत बोराच्या बियांनी भरलेली असते. चिंकारा आणि काळवीट ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात, त्यामुळे एकाच ठिकाणी वावभर पसरलेला ढीग दिसतो. तरसाचा ठसा मिळाला तर पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळक मोठा दिसेल. मुलांना पट्टीने मोजायला सांगा. हात कशालाही लावायचा नाही, काडी वापरायची.

चिंकारा आणि काळवीट यांतला फरकही घरीच चित्र काढून शिकवा. काळविटाचा नर वरून काळा-तपकिरी, पोट पांढरं, शिंगांना पिळे. मादी पिवळट, बहुधा बिनशिंगी. चिंकारा लहान, वजन पंचवीस किलोच्या आत, शिंगं जवळजवळ सरळ आणि वळीदार, मादीलाही बारीक शिंगं असतात. सगळ्यात सोपी खूण शेपटीची. चिंकाऱ्याचं सगळं अंग स्तब्ध असतं आणि ती काळी आखूड शेपटी मात्र सारखी हलत राहते. गवतात पहिल्यांदा तीच दिसते.

प्रश्न : ६०० मिमीची लेन्स घेऊनही माझे काळविटाचे सगळे फोटो मऊ, पाण्याखालून काढल्यासारखे आले. लेन्स दुरुस्तीला दिली, दोष नाही म्हणाले. चूक कुठे?
— वाचक, नाशिक

दोष हवेत होता. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर उठते आणि वरची थंड हवा खाली येते. गरम आणि गार हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो, म्हणून प्रतिमा थरथरते. जंगलात सावली असते आणि अंतरं कमी, तिथे हे जाणवत नाही. माळावर तुम्ही शंभर-दीडशे मीटर हवेतून पाहत असता. लांब लेन्स प्राण्याबरोबर ही थरथरही मोठी करते. डिसेंबरातसुद्धा नऊ-साडेनऊनंतर ती सुरू होते, मार्चमध्ये आठलाच. शटरचा वेग वाढवून ती जात नाही.

उपाय तीनच. पहिला, सूर्योदयानंतरच्या दीड-दोन तासांत काम उरका. दुसरा, अंतर कमी असेल तेव्हाच फोटो काढा. साठ मीटरवर मिळतो तो फोटो दीडशे मीटरवर मिळणार नाही हे मान्य करून कॅमेरा खाली ठेवा, दुर्बीण घ्या. तिसरा उपाय बहुतेकांना सुचत नाही : तुमची गाडीच थरथर निर्माण करते. पहाटे हीटर लावून आलात, काच खाली केली, की आतली ऊब खिडकीतून बाहेर पडते आणि नेमकी लेन्ससमोरून जाते. माळावर पोचायच्या दहा मिनिटं आधी हीटर बंद करून सगळ्या काचा उघडा. बॉनेटवरून फोटो घेऊ नका, इंजिनाची धग तिथून तासभर येत राहते.

जमिनीलगत झोपून फोटो काढायची हल्ली आवड आहे. त्यात पार्श्वभूमी सुंदर येते, पण प्रकाश सगळ्यात तापलेल्या थरातून येतो. तसा फोटो पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासातच साधतो, तोही जिथे उतरायला परवानगी आहे तिथे.

तिपाईऐवजी खिडकीवर ठेवायला कापडी पिशवी शिवून घ्या आणि तिच्यात दीड-दोन किलो तांदूळ भरा. गच्च भरू नका, पाऊण भरा, म्हणजे लेन्स तिच्यात रुतते. गाडी कळपावर सरळ नेऊ नका. सरळ येणारी वस्तू म्हणजे पाठलाग, असं त्यांचं गणित असतं. वाटेवरूनच तिरपं, थांबत थांबत पुढे जा. माद्यांनी माना वर केल्या की थांबा, इंजिन बंद करा, दहा-पंधरा मिनिटं काही करू नका. पुन्हा चरू लागल्या तर तुमचं अंतर ठीक आहे. एकीने चारी पाय उचलून उंच उडी मारली की सकाळ संपली समजा. पाठोपाठ सगळा कळप जातो, आणि तुमच्या मागून येणाऱ्या गाडीलाही मग काही मिळत नाही.

प्रश्न : कुसळांनी पाय सोलून निघाले. काय घालावं?
— वाचक, दौंड

कुसळी गवताचं बी नोव्हेंबरपासून पिकतं. एक कुसळ तळहातावर घेऊन पाहा. एका टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले केस, आणि दुसऱ्या टोकाला लांब, मधे वाकलेली शेपूट. ओल लागली की ती शेपूट उलगडते, वाळली की पुन्हा पिळली जाते. या पिळण्याने बी जमिनीत स्वतःला गिरमिटासारखं घुसवतं. तुमच्या मोज्यातही ते हेच करतं, पायाच्या घामाने तर आणखीच.

लोकरी आणि जाड विणीचे मोजे घालू नका. घट्ट विणीची, गुळगुळीत कापडाची पँट घाला, ती बुटाच्या आत न खोचता बाहेर सोडा आणि घोट्यापाशी रबरी पट्टीने बांधा. बुटाच्या फटी झाकल्या की निम्मा त्रास संपतो. रुतलेलं कुसळ शेपटीला धरून मागे ओढलं तर अणी आत तुटते. ते अणीच्या दिशेने पुढे काढायचं, कापड उलटं करून. घरी आल्यावर कपडे धुवायला टाकण्याआधी कुसळं वेचा आणि मेंढरांच्या वाटेवर बसला असाल तर गोचीडही पाहा, काखेत आणि कमरेपाशी.

प्रश्न : नान्नजला माळढोक पाहायला जायचं आहे. कोणता महिना चांगला?
— वाचक, लातूर

माळढोक दिसेल या आशेने नान्नजला जाऊ नका. हे लिहिताना वाईट वाटतं, पण खोटी आशा देण्यात अर्थ नाही. देशभरात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे, त्यातले बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटात. तिथे सम आणि रामदेवरा इथे त्याचं बंदिस्त प्रजनन चालू आहे. विणीत साधारण एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर, आणि उडताना समोरचं नीट न दिसणारी नजर. या पक्ष्याला उच्चदाबाच्या तारा सगळ्यात घातक ठरल्या.

तरीही नान्नजला जा. सोलापूरहून बार्शी रस्त्याने अर्ध्या तासावर आहे. फक्त एक गोष्ट समजून जा. १९७९ साली जाहीर झालेलं इथलं माळढोक अभयारण्य नकाशावर प्रचंड होतं, साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. त्यामुळे ‘अभयारण्याची हद्द सुरू’ अशी पाटी शोधत फिरलात तर ऊस आणि द्राक्षबागाच दिसतील. गवत राखलेले तुकडे नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी या बाजूंना आहेत. वन विभागाच्या नान्नज येथील कार्यालयातून परवानगी घेऊन तिथेच जा. काळवीट नक्की, नशीब असेल तर लांडगा. हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून हातभर उंचीने तरंगत जाताना दिसतो. जमिनीवर धाविक, पखुर्डी, चंडोल, डोंबारी हे पक्षी. पखुर्ड्या सकाळी पाण्यावर ठरल्या वेळी येतात, म्हणून पाणवठ्यापासून दूर, सूर्य पाठीशी घेऊन गाडी लावा.

प्रश्न : रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य एवढं लहान आहे, जावं का?
— वाचक, अहिल्यानगर

जावं. २.१७ चौरस किलोमीटर, दोन तास पुरे. काळवीट हमखास. त्यासाठी मुक्काम करू नका.

प्रश्न : एका ओळखीच्याने लांडग्याचं बीळ दाखवतो, पिल्लं बाहेर खेळतात, असं सांगितलं आहे. पैसे जास्त मागतो. जावं का?
— वाचक, बारामती

नाही. पैसे कमी मागितले तरी नाही.

आपल्याकडे लांडग्याची पिल्लं साधारण हिवाळ्यात होतात. बिळापाशी गाडी थांबली, माणसं उतरली, की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. एका फेरीत एकच पिल्लू. बाकीची तोवर उघड्यावर किंवा ओळखलेल्या बिळात राहतात, आणि माळावर आज कुत्री लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ती पिल्लं मारतात. रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडूनच येतात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे. अशा वेळी एक शांत बीळ ही त्या टोळीची सगळी पुंजी असते.

दुसरा धोका आमिषाचा. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या टाकून तरस, खोकड, लांडगा ‘हमखास’ दाखवला जातो. त्या ढिगावर पहिली येतात ती कुत्रीच. मार्गदर्शक निवडताना विचारा : दिसलं नाही तर काय करता? ‘दिसणारच’ असं उत्तर आलं तर दुसरा शोधा. जो तुम्हाला गाडीतून उतरू देत नाही, मेंढपाळ दिसला की थांबून त्याच्याशी दोन शब्द बोलतो आणि फोनवरून बाकीच्या गाड्या बोलावत नाही, तो चांगला. धनगराच्या कळपाच्या मागेमागे लांडगा बऱ्याचदा असतो, पण म्हणून गाडी मेंढरांत घालू नका. लांडग्याने उचललेलं कोकरू त्या माणसाचं नुकसान असतं, तुमच्यासाठीचा देखावा नव्हे.

आणि फोनमधल्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्थान-नोंद बंद करा. फोटोबरोबर बिळाचा पत्ता गावभर जातो.

प्रश्न : मुंबईहून वेळावदरला दोन रात्री जायचं आहे. काळविटांच्या झुंजी आणि शिकारी पक्षी, दोन्ही हवं.
— वाचक, डोंबिवली

वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान भावनगर जिल्ह्यात, खंभातच्या आखाताजवळच्या भाल प्रदेशात आहे. सुमारे ३४ चौरस किलोमीटर, भावनगर संस्थानची जुनी शिकारीची कुरणं. १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं.

तुमच्या दोन इच्छा वेगवेगळ्या महिन्यांच्या आहेत. भोवत्ये मध्य आशियातून येतात आणि संध्याकाळी शेकड्यांनी गवतात, चक्क जमिनीवर, रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. त्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबर. काळविटाचे नर छोट्या छोट्या हद्दी करून जवळजवळ उभे राहतात, माद्या त्यांतून फिरून निवड करतात, आणि तिथेच झुंजी लागतात. उद्यान उघडं असताना त्यासाठी फेब्रुवारी-मार्च. दोन्ही हवं असेल तर फेब्रुवारीचा मध्य. भोवत्ये तेव्हा कमी झालेले असतील, पण असतात.

वांद्रे टर्मिनसहून रात्रीची भावनगर गाडी पकडा, दुसऱ्या दिवशी पोचून तासाभरात वेळावदर. किंवा अहमदाबादला उतरून धोलेरामार्गे अडीच-तीन तास. पहिली संध्याकाळ भोवत्यांसाठी राखा : सूर्यास्ताआधीचा शेवटचा पाऊण तास, पश्चिमेकडे तोंड करून, गाडीतच. दुसरी सकाळ काळविटांच्या हद्दींवर एकाच जागी दोन तास थांबा, उद्यानभर चक्कर मारू नका. झुंज शोधून सापडत नाही, समोर बसून राहिलं की होते. तिसरी सकाळ राखीव ठेवा, एखाद्या दिवशी धुकं किंवा वारा सगळं वाया घालवतो. ओळखपत्र मूळ न्या, कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं लागतं, ड्रोन अजिबात नाही. अवकाळी पाऊस झाला तर भालची काळी माती चाकाला चिकटून गाडी जागीच बसते. अशा दिवशी चौकीवर विचारल्याशिवाय आत शिरू नका.

प्रश्न : आमचं मंडळ दर पावसाळ्यात सीडबॉल (झाडांच्या बिया घातलेले मातीचे गोळे) टाकतं. माळ उघडाबोडका वाटतो. यंदा सुप्याच्या बाजूला दोन हजार टाकायचा विचार आहे. सहलही होईल, कामही.
— ज्येष्ठ नागरिक संघ, पिंपरी

तुमच्या कष्टांबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो : कृपया टाकू नका.

माळ उघडा नाही. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस, खाली वीतभर मुरमाड माती. इथे पवन्या, मारवेल, कुसळी हीच मूळ वनस्पती, आणि मधूनमधून हिवर, बोर, तरवड. गवताचं बहुतेक शरीर जमिनीखाली मुळांत असतं, म्हणून उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही आणि पहिल्या दोन पावसांत सगळं हिरवं होतं. सरकारी कागदांत अशा जमिनीला ‘पडीक’ म्हटलं गेलं, आणि तिथूनच झाडं लावायची घाई सुरू झाली.

झाड वाढलं की तीन गोष्टी होतात. सावलीत गवत मरतं. धाविक, चंडोल, टिटवी असे जमिनीवर घरटं करणारे पक्षी उंच झाडांपासून लांब राहतात, कारण फांदीवर बसलेला कावळा अंडी टिपतो. आणि चिंकारा, काळविटाची सगळी भिस्त दूरवर दिसण्यावर आणि पळण्यावर असते, झाडीत त्यांचं ते बळच जातं. गिरिपुष्प आणि सुबाभळीच्या लागवडीसाठी खणलेले चर तर गवताची मुळं उचकटूनच टाकतात. वेड्या बाभळीचं उदाहरण वेळावदरला पाहा : काळवीट तिच्या शेंगा खातात, बिया लेंड्यांतून पसरतात, आणि ज्या गवतावर ते जगतात तेच आक्रसतं.

काम करायचंच असेल तर वन विभागाला विचारून वेडी बाभूळ मुळासकट काढायला हात लावा, फक्त वरून तोडली तर ती दुप्पट फुटते. किंवा गेटबाहेरच्या रस्त्यावरचं प्लास्टिक गोळा करा. दहा माणसं, पोती आणि जाड हातमोजे घेऊन गेलात तर एका सकाळी किलोमीटरभर रस्ता साफ होतो.

प्रश्न : सुट्टी मे महिन्यातच मिळते. गेलं तर चालेल?
— वाचक, सोलापूर

चालेल, पण सहाला आत आणि साडेआठला बाहेर. माणशी चार लिटर पाणी, गाडीत मीठ-साखरेची पाकिटं. हा विणीचा काळ असतो. धाविकाची दोन-तीन अंडी नुसत्या मातीवर असतात, ढेकळाच्या रंगाची. चाक वाटेवरून हातभर जरी उतरलं तरी ती जाऊ शकतात. पायी असताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, किंवा पंख मोडल्यासारखी लंगडत पुढे जाऊ लागली, तर अंडी किंवा पिल्लं तुमच्या पायापाशीच आहेत. जागीच थांबा, खाली पाहा आणि आलात त्याच पावलांवर पाय ठेवत मागे या.